ऑटोकॅडमधली सेटिंग राहते कुठे, उडते कशाने

एफ-७ दाबून ग्रिड बंद केली, काम संपवलं, नवीन ड्रॉइंग उघडलं, तर जाळी पुन्हा हजर. काल व्यवस्थित लागणारा ओस्नॅप आज सकाळी कुठल्याच टोकाला चिकटत नाही. रिबन हवी तशी लावली होती, मशीन बंद करून चालू केलं आणि ती मूळ जागी गेली. तुटक काढलेली सेंटरलाइन दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये सलग दिसते. या सगळ्याला ड्राफ्टिंगच्या ऑफिसात एकच वाक्य असतं : सेटिंग उडाली. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. कुणी सांगतं रीसेट मारा, कुणी सांगतं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. त्यात अर्धा दिवस जातो, आणि नवीन ड्रॉइंग उघडल्यावर जाळी तिथेच असते.

वरच्या चारही तक्रारी वेगवेगळ्या आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि त्यांतल्या निदान दोन तक्रारींत सॉफ्टवेअरने काहीही विसरलेलं नाही. ऑटोकॅडमध्ये प्रत्येक सेटिंग कुठे लिहून ठेवायची हे पक्कं ठरलेलं आहे. ती जागा वापरणाऱ्याला माहीत नसते, कारण क्लासमध्ये कमांड शिकवतात आणि सेटिंग्ज 'करता करता कळतील' म्हणून सोडून देतात. म्हणून दुरुस्तीच्या आधी एकच प्रश्न सोडवायला हवा : ही सेटिंग मुळात राहते कुठे?

ऑटोकॅडच्या वागण्यामागे शेकडो सिस्टिम व्हेरिएबल आहेत. प्रत्येकाला नाव असतं आणि किंमत असते. नाव कमांड लाइनवर टाइप केलं की चालू किंमत दिसते आणि बदलताही येते. ऑटोडेस्कच्या मदत-पुस्तिकेत प्रत्येक व्हेरिएबलच्या माहितीत ते कुठे साठवलं जातं हे लिहिलेलं असतं. ढोबळमानाने उत्तरं तीन : ड्रॉइंगच्या फाइलमध्ये, विंडोजच्या रजिस्ट्रीत, किंवा कुठेच नाही.

ग्रिड चालू की बंद, ऑर्थो चालू की बंद, तुटक रेषांचं प्रमाण ठरवणारा एलटीस्केल, मिरर करताना अक्षरं उलटी व्हावीत की नाही हे ठरवणारा मिररटेक्स्ट, बिंदू कसा दिसावा हे ठरवणारा पीडीमोड, हे सगळं ड्रॉइंगमध्ये राहतं. एका ड्रॉइंगमध्ये बदललं की तेवढ्याच ड्रॉइंगमध्ये बदलतं. ओस्नॅपचे पर्याय, क्रॉसहेअरची लांबी, ऑटोसेव्ह किती मिनिटांनी व्हावा, फाइल उघडताना खिडकी यावी की नाही, हे रजिस्ट्रीत, म्हणजे त्या मशीनवरच्या त्या वापरकर्त्याच्या खात्यात राहतं आणि प्रत्येक ड्रॉइंगला लागू होतं. तिसऱ्या गटातल्या किंमती सॉफ्टवेअर बंद होईपर्यंतच टिकतात. पॉलिगॉनच्या बाजूंची संख्या हे त्याचं सोपं उदाहरण : आज सहा बाजू दिल्या तरी उद्या सॉफ्टवेअर पुन्हा चार विचारतं, आणि ते तसंच अपेक्षित आहे.

सेटिंग कुठल्या गटातली आहे हे पुस्तिका न उघडताही कळतं. किंमत बदला, ड्रॉइंग सेव्ह करा आणि सॉफ्टवेअर बंद न करता नवीन ड्रॉइंग उघडा. तिथे जुनीच किंमत दिसली तर सेटिंग ड्रॉइंगमध्ये राहणारी आहे. नवीन ड्रॉइंगमध्येही बदल टिकला असेल तर सॉफ्टवेअर नीट बंद करून पुन्हा चालू करा. आता बदल गेला असेल तर एकतर ती तिसऱ्या गटातली आहे किंवा रजिस्ट्रीत लिहिताना काहीतरी आडवं आलं. एवढी तपासणी केल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नये असं माझं ठाम मत आहे, कारण चुकीच्या जागी केलेला उपाय फुकट जातो आणि वर चालू असलेल्या गोष्टीही बिघडवतो.

ऑप्शन्सच्या खिडकीत ही माहिती दिलेली आहे, पण फार दबक्या आवाजात. काही पर्यायांच्या शेजारी ड्रॉइंग फाइलचं इवलंसं चिन्ह असतं. ते चिन्ह असेल तर सेटिंग फक्त चालू ड्रॉइंगची, नसेल तर ती चालू प्रोफाइलमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीतच, जाते. वर्षानुवर्षं ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांनाही त्या चिन्हाचा अर्थ ठाऊक नसतो. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी बारीक दाखवणं ही मला या सॉफ्टवेअरच्या रचनेतली खरी उणीव वाटते.

ही गुंतागुंत एका दिवसात आलेली नाही. ऑटोकॅड १९८२ सालचं. डॉसच्या काळात मशीनशी संबंधित गोष्टी एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असत, आणि नवीन ड्रॉइंग सुरू होताना एका नमुना ड्रॉइंगची प्रत घेतली जाई. टेम्प्लेटची वेगळी डीडब्ल्यूटी फाइल १९९७ च्या रिलीज १४ मध्ये आली. तेव्हाही एका वेळी एकच ड्रॉइंग उघडता येत असल्याने, बदल ड्रॉइंगचा आहे की सॉफ्टवेअरचा, हा फरक रोजच्या कामात फारसा जाणवत नसे. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० पासून एकाच वेळी अनेक ड्रॉइंग्ज उघडता येऊ लागली. एका खिडकीत ग्रिड बंद आणि शेजारच्या खिडकीत चालू, हे दृश्य तेव्हापासूनचं. साठवण्याचे जुने नियम तसेच राहिले आणि कामाची पद्धत बदलली.

टेम्प्लेटचं घोडं

नवीन ड्रॉइंगमध्ये सेटिंग परत येते ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिचं उत्तर जवळपास नेहमी टेम्प्लेटमध्ये असतं. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या दोन मुख्य टेम्प्लेट्सपैकी अ‍ॅकॅड हे इंचांचं आणि अ‍ॅकॅडआयसो हे मिलिमीटरचं. अलीकडच्या आवृत्त्यांत दोन्हींत ग्रिड चालूच असते. म्हणजे नवीन ड्रॉइंग उघडताना दिसणारी जाळी तुमच्या कालच्या ड्रॉइंगमधून आलेली नसते. ती टेम्प्लेटमधून येते, आणि टेम्प्लेट कुणी बदललेलंच नसतं. उपाय सरळ आहे. टेम्प्लेट उघडा, ग्रिड बंद करा, लेअर, डायमेन्शन स्टाइल, टेक्स्ट स्टाइल, युनिट हवं तसं लावा आणि नवीन नावाने डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह करा. मग ऑप्शन्समधल्या फाइल्स टॅबखाली, टेम्प्लेटच्या विभागात, क्यून्यू या नवीन ड्रॉइंग उघडणाऱ्या कमांडसाठीची ठरलेली फाइल म्हणून तिचं नाव द्या. हे शेवटचं पाऊल बहुतेकजण विसरतात. टेम्प्लेट सुंदर बनवलेलं असतं, पण प्लसचं बटण दाबल्यावर जुनंच उघडतं.

आपल्याकडे टेम्प्लेटचा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण एकाच ऑफिसात मापं बदलत राहतात. महापालिकेला द्यायचा नकाशा मीटरमध्ये, साइटवरचं वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, इंटिरिअरचं काम फूट-इंचात. मेझरमेंट नावाचं व्हेरिएबल हॅच आणि तुटक रेषांच्या इंचाच्या फाइली वापरायच्या की मेट्रिक हे ठरवतं, आणि तेही ड्रॉइंगमध्येच राहतं. इंचाच्या टेम्प्लेटवर मिलिमीटरचं काम सुरू केलं की तुटक रेषा २५.४ पटींच्या घोळात सापडते आणि पडद्यावर सलग दिसते. मग कुणीतरी एलटीस्केल बदलतो, त्या ड्रॉइंगपुरतं जमतं, पुढच्या ड्रॉइंगमध्ये पुन्हा तेच. तिन्ही कामांसाठी तीन टेम्प्लेट ठेवणं हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे. पुण्यासह काही महापालिकांत बांधकाम परवानगीचे नकाशे संगणक तपासतो आणि त्यासाठी घटक ठरलेल्या लेअरवर काढावे लागतात. त्या लेअरची यादी ड्रॉइंगमध्येच असते, म्हणून त्याचंही वेगळं टेम्प्लेट असायला हवं.

टेम्प्लेट ठेवायचं कुठे? सॉफ्टवेअर आपणहून ज्या फोल्डरकडे नेतं ते फोल्डर वापरकर्त्याच्या खात्यातल्या अ‍ॅपडेटा या दडवलेल्या फोल्डरमध्ये असतं, आणि तेही त्या त्या आवृत्तीपुरतं. नवी आवृत्ती टाकली की तिचं फोल्डर वेगळं. शेजारच्या ड्राफ्ट्समनला तुमचं टेम्प्लेट दिसत नाही. ऑफिसचं टेम्प्लेट सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये असावं, सगळ्या मशीन्सचा पत्ता तिकडे वळवलेला असावा आणि ते बदलण्याचा अधिकार एका-दोघांकडेच असावा. लेटरहेड जसं प्रत्येकजण आपल्या मनाने छापून घेत नाही, तसंच याचंही आहे.

सेव्ह झालीच नव्हती अशा सेटिंग्ज

काही बदल वापरणाऱ्याला पक्के वाटतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते तात्पुरते असतात. डायमेन्शन स्टाइल हे याचं मोठं उदाहरण. स्टाइलच्या खिडकीत मॉडिफाय आणि ओव्हरराइड ही दोन बटणं एकमेकांखाली आहेत. मॉडिफायने स्टाइल बदलते. ओव्हरराइडने स्टाइल तशीच राहते आणि तिच्यावर एक तात्पुरता थर चढतो. दुसरी स्टाइल चालू केली की तो थर गळून पडतो. गंमत म्हणजे डिमस्केल किंवा डिमटेक्स्ट अशी नावं कमांड लाइनवर टाइप करून किंमत बदलली तरी ओव्हरराइडच तयार होतो. सकाळी अक्षराची उंची बदलली, दुपारी दुसऱ्या स्टाइलवर जाऊन परत आलो, उंची पुन्हा जुनी. इथे काहीही बिघडलेलं नाही. स्टाइलच्या यादीत नावाखाली ओव्हरराइडची ओळ दिसत असेल तर तिच्यावर राइट-क्लिक करून ती चालू स्टाइलमध्ये कायमची मिसळता येते.

प्लॉटच्या खिडकीतही असंच होतं. कागदाचा आकार, स्केल, पेनची सीटीबी सगळं निवडून प्रिंट काढली, पण 'अप्लाय टू लेआउट' दाबलं नाही, तर ती निवड लेआउटमध्ये नोंदवली जात नाही. पुढच्या वेळी खिडकी पुन्हा जुन्या आकारावर उघडते. दाबल्यानंतर ड्रॉइंग सेव्ह करायलाही हवं, कारण लेआउट ड्रॉइंगमध्ये राहतं. वारंवार लागणाऱ्या मांडण्या पेज सेटअपला नाव देऊन टेम्प्लेटमध्येच ठेवल्या तर हा प्रश्न मुळातून मिटतो.

रेषांच्या जाडीचं प्रकरण आणखी वेगळं. ड्रॉइंगमध्ये सीटीबीचं फक्त नाव असतं. कुठल्या रंगाला किती जाडी हे त्या वेगळ्या फाइलमध्ये असतं आणि ती फाइल मशीनवर असते. ड्रॉइंग मेलने दुसऱ्या ऑफिसात गेलं की तिथे ती फाइल नसते, किंवा त्याच नावाची पण वेगळ्या जाड्यांची असते. सगळ्या रेषा सारख्या छापून येतात आणि दोष पाठवणाऱ्यावर जातो. ईट्रान्समिट कमांड वापरून ड्रॉइंग, संदर्भ फाइली, फॉन्ट आणि सीटीबी एकत्र बांधून पाठवता येतात. सल्लागार, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार यांच्यात रोज ड्रॉइंग्ज फिरतात तिथे ही सवय लागायलाच हवी.

ड्रॉइंग रीड-ओन्ली उघडलं असेल तर त्यात राहणारी कुठलीही सेटिंग टिकत नाही, हे उघड आहे. सर्व्हरवर दुसऱ्या कुणी ते आधीच उघडलेलं असतं. त्याची खूण म्हणून ड्रॉइंगशेजारी डीडब्ल्यूएल फाइल तयार होते. मशीन मधेच बंद पडलं तर ती फाइल मागे राहू शकते. एक्सरेफच्या, म्हणजे संदर्भ म्हणून जोडलेल्या ड्रॉइंगच्या, लेअरचे रंग बदलून ते पुढच्या वेळी परत जात असतील तर ज्या ड्रॉइंगला ते जोडलं आहे त्यातला व्हिसरिटेन तपासावा. तो शून्य असेल तर बदल टिकवले जात नाहीत.

रजिस्ट्रीत लिहिताना

दुसऱ्या गटात खरा बिघाड होऊ शकतो, आणि कारणं बरीच आहेत. रजिस्ट्रीतल्या सेटिंग्ज प्रोफाइलमध्ये बांधलेल्या असतात. ऑप्शन्समधला शेवटचा प्रोफाइल्सचा टॅब फार थोडे लोक उघडून पाहतात. एकाच खात्यात अनेक प्रोफाइल असू शकतात आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये कुठलं प्रोफाइल उघडायचं हे लिहिलेलं असू शकतं. रस्ते आणि भूमापनाच्या कामात वापरलं जाणारं सिव्हिल थ्रीडी याचं ठळक उदाहरण आहे. त्याचे मेट्रिक आणि इम्पीरियल असे दोन शॉर्टकट येतात आणि दोघांची प्रोफाइल वेगळी. आज एकावरून उघडलं, उद्या दुसऱ्यावरून, तर कालचे बदल दिसणारच नाहीत. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडलं तर शॉर्टकटमधली सूचना वाचलीच जात नाही. 'कधी राहतं, कधी राहत नाही' अशी विचित्र तक्रार आली की मी आधी शॉर्टकट किती आहेत ते विचारतो.

'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चं असंच. साध्या खात्यातून काम करणाऱ्याने अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून ऑटोकॅड उघडलं की सेटिंग्ज त्या अ‍ॅडमिनच्या खात्यात लिहिल्या जातात. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खात्यातून उघडलं तर तिथे काहीच नसतं. सेटिंग सेव्ह होत नाही म्हणून सर्रास सांगितला जाणारा हा उपाय अनेकदा नवीन गोंधळ घालतो.

बऱ्याच गोष्टी सॉफ्टवेअर बंद होताना लिहिल्या जातात. ते अडकलं आणि टास्क मॅनेजरमधून मारलं, किंवा वीज गेली, तर त्या दिवशीची मांडणी हरवू शकते. ऑटोकॅडच्या दोन स्वतंत्र खिडक्या चालू असतील तर जी शेवटी बंद होते ती आपली मांडणी पहिलीवर लिहून टाकते. मांडणी बदलायची असेल तेव्हा एकच खिडकी उघडी ठेवावी, बदल करावेत, नीट बंद करावं आणि मग कामाला लागावं.

रिबन, टूलबार आणि मेनू यांची गोष्ट रजिस्ट्रीपेक्षा वेगळी. ते सीयूआयएक्स फाइलमध्ये राहतात. ही फाइल सर्व्हरवर रीड-ओन्ली ठेवलेली असेल, जसं अनेक मोठ्या कंपन्या मुद्दाम करतात, तर वापरणाऱ्याचे बदल तिच्यात जाणार नाहीत. वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये, वर्कस्पेस बदलताना बदल आपोआप सेव्ह करायचे की नाहीत, असा पर्याय असतो. तो 'नाही'वर असला की लावलेली मांडणी निघून जाते. हवी तशी मांडणी झाल्यावर डब्ल्यूएससेव्ह कमांडने तिला स्वतःचं नाव देणं अधिक खात्रीचं. पॅलेट आणि खिडक्यांच्या जागा मात्र प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या एडब्ल्यूएस फाइलींत जातात. त्यांतली फिक्स्डप्रोफाइल ही फाइल खराब झाली की पॅलेट दर वेळी चुकीच्या जागी उघडणं असले प्रकार होतात. ऑटोकॅड बंद करून त्या फाइलचं नाव बदललं की सॉफ्टवेअर नवीन फाइल बनवतं. सगळं रीसेट करण्याआधी हा छोटा उपाय करून पाहावा.

तिसऱ्याच कुणाचा हात

सुरुवातीच्या ओस्नॅपकडे आता येऊ. ओस्नॅपचे पर्याय ओएसमोड या एकाच आकड्यात साठवले जातात. प्रत्येक पर्यायाला किंमत असते आणि त्यांची बेरीज केली जाते. एंडपॉइंट १, मिडपॉइंट २, सेंटर ४, इंटरसेक्शन ३२. एफ-३ ने ओस्नॅप बंद केला की त्या बेरजेत १६३८४ मिळवले जातात, म्हणजे पुन्हा चालू केल्यावर निवडलेले पर्याय शाबूत असतात. पण ओएसमोड शून्य दिसला तर अर्थ वेगळा : कुणीतरी सगळे पर्याय पुसले.

हा कुणीतरी बहुतेकदा लिस्प प्रोग्रॅम असतो. ऑफिसातल्या ऑफिसात हातोहात फिरणारे लिस्प, जिना काढणारे, क्षेत्रफळ लिहिणारे, दरवाजे बसवणारे, काम सुरू करताना ओस्नॅप शून्य करतात, कारण रेषा भलत्या टोकाला चिकटू नये. काम संपलं की जुनी किंमत परत ठेवतात. मधेच एस्केप दाबलं, किंवा चूक आली, तर परत ठेवणाऱ्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचतच नाही. चांगल्या लिस्पमध्ये चूक आल्यास सेटिंग्ज पूर्ववत करणारा भाग लिहिलेला असतो. फिरत्या लिस्पमध्ये तो क्वचित असतो. ओएसमोड रजिस्ट्रीत राहत असल्याने शून्य ही किंमत नीट सेव्ह होते आणि दुसऱ्या दिवशी तीच येते. म्हणजे ज्याला सेटिंग उडणं म्हणतात ते इथे चुकीची सेटिंग चोख जतन होणं आहे. फाइल उघडताना खिडकी न येता कमांड लाइनवर नाव विचारलं जातं, तेही याच जातीचं : अर्धवट थांबलेल्या स्क्रिप्टने फाइलडिया शून्य करून ठेवलेला असतो. तो १ केला की खिडकी परत येते.

पिकअ‍ॅडचा त्रास माणसाच्या हातून होतो. दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटते, शिफ्ट दाबल्याशिवाय जमत नाही, आणि माणूस माउस बदलायला निघतो. प्रॉपर्टीज पॅलेटच्या वरच्या कोपऱ्यात पिकअ‍ॅड बदलणारं छोटं बटण असतं. त्यावर चुकून क्लिक झालेलं असतं. डिलीटची कळ चालत नसेल तर पिकफर्स्ट पाहावा.

एखादी सेटिंग प्रत्येक ड्रॉइंग उघडताना हट्टाने मूळपदावर येत असेल तर अ‍ॅकॅडडॉक नावाची लिस्प फाइल शोधावी. सपोर्ट पाथमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर अशा फाइली जिथे शोधतं त्या फोल्डरांत, ती असली तर प्रत्येक ड्रॉइंगसोबत चालते. अ‍ॅकॅड नावाची फाइल सॉफ्टवेअर सुरू होताना एकदा चालते. अ‍ॅपलोडच्या खिडकीतल्या स्टार्टअप सूटमध्येही प्रोग्रॅम बसवलेले असतात. पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्याने लिहिलेली एखादी ओळ आजही सगळ्यांच्या सेटिंग्ज बदलत असू शकते. त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून वाचाव्यात. त्यांत सेटव्हार शब्द जिथे जिथे आहे तिथे उत्तर सापडतं.

याच मार्गाने व्हायरसही येतात, आणि आपल्याकडच्या ऑफिसांनी हे गांभीर्याने घ्यायला हवं. ऑटोकॅडच्या लिस्पमध्ये लिहिलेले व्हायरस स्वतःची प्रत ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये टाकतात. झिप करून फोल्डर पाठवला की तेही सोबत जातात. काही व्हायरस कमांडच्या व्याख्या बदलतात, एक्सप्लोड किंवा एक्सरेफ चालेनासं करतात. २०१२ मध्ये ईसेट या कंपनीने मेड्रे नावाचा वर्म उघडकीस आणला. तो मुख्यतः पेरूमध्ये पसरलेला होता आणि ड्रॉइंग्ज चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवत होता. ऑटोकॅड २०१४ पासून सिक्युअरलोड आणि विश्वासू फोल्डरांची यादी आली, ती याच धोक्यापायी. बाहेरून आलेल्या ड्रॉइंगशेजारी अ‍ॅकॅड नावाची एलएसपी, एफएएस किंवा व्हीएलएक्स फाइल दिसली तर ती अनाहूत पाहुणी समजून अँटिव्हायरसच्या हवाली करावी. सिक्युअरलोडची सूचना त्रासदायक वाटते म्हणून ती बंद करणं हे दार उघडं टाकून झोपणं आहे.

कुणी बदललं ते शोधण्यासाठी ऑटोकॅड २०१६ पासून सिसव्हारमॉनिटर ही कमांड आहे. महत्त्वाच्या व्हेरिएबलांची हवी ती किंमत तिच्यात ठरवून ठेवायची. एखादा लिस्प ती बदलून गेला की खाली सूचना येते आणि एका क्लिकमध्ये सगळं पूर्ववत करता येतं. ही सोय इतकी उपयोगी असून इतकी अज्ञात आहे याचं मला वाईट वाटतं.

सॉफ्टवेअरच्या बाहेर

कधी ऑटोकॅडचा दोष अजिबात नसतो. विंडोजमधलं वापरकर्त्याचं खातं बिघडलं की विंडोज तात्पुरत्या खात्यात शिरू देतं. त्यात केलेलं सगळं साइन-आउट होताना पुसलं जातं. केवळ ऑटोकॅडच्या नव्हे, ब्राउझरच्या आणि डेस्कटॉपच्या सेटिंग्जही जात असतील तर हेच असण्याची दाट शक्यता. कॉलेजच्या आणि आयटीआयच्या लॅबमध्ये रीस्टार्ट केल्यावर मशीन ठरलेल्या स्थितीत परत नेणारी सॉफ्टवेअर्स बसवलेली असतात. तिथे काहीच टिकू नये अशीच योजना असते.

रीसेटबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. विंडोजच्या स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्या नावाखाली सेटिंग्ज मूळपदावर आणणारं साधन येतं आणि ते आधी बॅकअप घ्यायचा का असं विचारतं. खराब झालेल्या प्रोफाइलवर ते खरोखर काम करतं. पण ग्रिड परत येते म्हणून ते चालवणं म्हणजे वर्षभर जमवलेल्या पॅलेट, शॉर्टकट कळा आणि सपोर्ट पाथ घालवणं, आणि टेम्प्लेट न बदलल्याने ग्रिड तशीच ठेवणं. चालवायचंच असेल तर आधी प्रोफाइल एआरजी फाइल म्हणून बाहेर काढावं, सीयूआयएक्स आणि कमांडच्या लघुनावांची पीजीपी या फाइलींची प्रत घ्यावी, मग बटण दाबावं. दरवर्षी नवी आवृत्ती येते तेव्हाही हेच लागू. ड्रॉइंगचं फाइल स्वरूप २०१८ पासून पुढच्या अनेक आवृत्त्यांत तेच राहिलं, म्हणून ड्रॉइंग सहज उघडतं. पण प्रत्येक आवृत्तीचं रजिस्ट्रीतलं घर वेगळं असल्याने सेटिंग्ज आपोआप सोबत येत नाहीत. त्यांच्यासाठी सेटिंग्ज बाहेर काढण्याची आणि आत घेण्याची सोय वेगळी वापरावी लागते.

इतर सॉफ्टवेअरमध्येही हाच प्रश्न आहे, फक्त काहींनी तो अधिक प्रामाणिकपणे मांडला आहे. सॉलिडवर्क्सच्या ऑप्शन्समध्ये सिस्टिम ऑप्शन्स आणि डॉक्युमेंट प्रॉपर्टीज असे दोन स्वतंत्र टॅब आहेत. कुठला बदल मशीनचा आणि कुठला फाइलचा हे पहिल्याच नजरेत कळतं, आणि मशीनच्या सेटिंग्ज दुसरीकडे नेण्यासाठी विझार्डही आहे. रेव्हिटमध्ये मापांची युनिट्स प्रकल्पाच्या फाइलमध्ये राहतात. मुक्त स्रोताचं फ्रीकॅड वापरकर्त्याच्या आवडीनिवडी एका साध्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहितं. ती बाजूला ठेवली की स्वच्छ सुरुवात, परत ठेवली की जुनं सगळं जागेवर. ऑटोकॅडने चाळीस वर्षांचा वारसा सांभाळताना हे सोपेपण गमावलं. त्या इवल्या चिन्हाऐवजी प्रत्येक पर्यायापुढे 'हे फक्त या ड्रॉइंगमध्ये' एवढं लिहिलं असतं तरी असंख्य लोकांचे तास वाचले असते.

आयटीआयचा आरेखक स्थापत्य आणि आरेखक यांत्रिक हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, आणि तिथली मुलं सामायिक मशीनवर शिकतात. त्यांच्या सेटिंग्ज मशीनवर टिकण्याची हमी नाही. पण टेम्प्लेटची डीडब्ल्यूटी, प्रोफाइलची एआरजी आणि छापण्याची सीटीबी या तीन छोट्या फाइली एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात. तासाच्या सुरुवातीला प्रोफाइल आत घ्यायचं, टेम्प्लेटवरून ड्रॉइंग सुरू करायचं, सीटीबी प्लॉट स्टाइलच्या फोल्डरमध्ये टाकायची. एआरजीमध्ये फोल्डरांचे पत्ते लिहिलेले असतात, म्हणून ती त्याच आवृत्तीच्या मशीनवर वापरावी आणि सपोर्ट पाथ एकदा पाहून घ्यावेत. हा तासाभराचा पाठ अभ्यासक्रमाच्या पहिल्याच महिन्यात शिकवता येईल.